बारावीचा फोटो : कसे दिसायचे ते कोणी ठरवायचे?

आपल्याकडे बारावीच्या मुलाचा फोटो निघतो तो हॉल तिकिटापुरता. अमेरिकेत बारावी हे शाळेचे शेवटचे वर्ष. त्या वर्गातल्या मुलामुलींना ‘सीनियर’ म्हणतात आणि त्यांचा खास फोटो काढण्याची तिथे जुनी रीत आहे. १८६० च्या सुमारास जॉर्ज वॉरन या छायाचित्रकाराने हार्वर्ड, येल अशा कॉलेजांचे आल्बम तयार केले. काचेच्या निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती निघत, म्हणून ते जमले. तेव्हा त्यात बड्या घरचीच मुले असत. आज ट्रक ड्रायव्हरची मुलगीही हा फोटो काढते.

पश्चिमेकडच्या कोलोरॅडो, युटा, ॲरिझोना या राज्यांत मुले स्टुडिओचा पडदा सोडून उघड्या माळावर, लाल खडकांपुढे उभी राहतात. कोलोरॅडो स्प्रिंग्ज शहरातले ‘गार्डन ऑफ द गॉड्स’ यासाठी फार आवडते. उंच लाल सुळके आणि मागे १४ हजार फुटांवरचे पाइक्स शिखर! ही जमीन पर्किन्स कुटुंबाने १९०९ साली शहराला दिली, ती सर्वांना कायम मोफत खुली राहावी या अटीवर. त्यामुळे गरिबालाही तिथे तिकीट लागत नाही.

पण याच पश्चिमेत फोटोचा दुसरा इतिहासही आहे. एडवर्ड कर्टिसने १९०७ ते १९३० या काळात तिथल्या आदिवासींच्या फोटोंचे २० खंड काढले. पिएगन जमातीच्या तंबूतल्या एका फोटोत दोन माणसांच्या मध्ये घड्याळ होते. कर्टिसने छापताना ते पुसून टाकले. आदिवासींकडे घड्याळ असते हे त्याला दाखवायचेच नव्हते! आता नवाहो मुलगी स्वतः ठरवते : आजीचे निळ्या खड्यांचे दागिने घालायचे, की जीन्स, की पदवीचा झगा. समारंभात गरुडाचे पीस लावायला शाळा अडवत, म्हणून ॲरिझोनात २०२१ साली आणि कोलोरॅडोत २०२३ साली कायदे करावे लागले.

आता उजेडाचे पाहू. उंचावरचे दुपारचे ऊन डोळ्यांखाली काळ्या खाचा पाडते. म्हणून सूर्य मावळण्याआधीचा तास निवडतात. सूर्य पाठीशी घेतात आणि समोरून पांढऱ्या पुठ्ठ्याने चेहऱ्यावर उजेड परतवतात. सावळ्या चेहऱ्याला जास्त जपावे लागते. कोडॅक कंपनी रंग जुळवायला लॅबना जे नमुना-कार्ड पाठवी, त्यावर कित्येक वर्षे गोरी बाईच असे. कॅमेऱ्याचे मीटरही आकाश किंवा बर्फ पाहून सगळे चित्र अंधारे करते आणि चेहरा काळवंडतो. अशा वेळी आकाश थोडे पांढरे पडले तरी चालेल, उजेड चेहऱ्यावरून मोजावा.

तिथेही सगळ्यांना फोटोग्राफर परवडत नाही. कित्येकदा मावशीच मोबाईलवर काढते. आपल्या बाळाचा काढाल तेव्हा बोट पडद्यावर त्याच्या चेहऱ्यावर ठेवा आणि उजेड हवा तेवढा वर सरकवा.