चिकटलेली जीभ : कधी कापावी, कधी थांबावं

बाळ रडताना जीभ वर उचलतं. खालचा पडदा ताणला जातो आणि टोकाला खाच पडून जीभ पत्त्यातल्या बदामासारखी दिसते. अमळनेरच्या घरात आजी लगेच म्हणते, ‘जीभ चिकटेल शे.’ तिथून धास्ती सुरू होते.

गैरसमज : पडदा दिसला की कापायचाच.
वस्तुस्थिती : हा पडदा प्रत्येकाच्या जिभेखाली असतो. बाळ नीट पीत असेल, वजन वाढत असेल, तर त्याला हात लावू नये. पकड वारंवार सुटते, आईच्या स्तनाग्रांना चिरा पडतात, वजन वाढत नाही, अशा वेळी आधी पाजण्याची पद्धत तपासावी. तरीही अडचण राहिली, तरच शस्त्रक्रियेचा विचार. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेही २०२४ मध्ये हेच सांगितलं. लेझर कात्रीपेक्षा सरस असल्याचा पुरावा नाही.

गैरसमज : मूल बोलत नाही, ते जिभेमुळेच.
वस्तुस्थिती : जीभ चिकटलेलं मूलही ‘मामा’, ‘बाबा’ म्हणतं. अडलंच तर र, ल, ळ अशा उच्चारांत अडतं. दीड वर्षाचं होऊनही एकही शब्द नसेल, तर आधी कानांची तपासणी करा. ऐकू न येणाऱ्या मुलाची जीभ मोकळी केली, तरी ते बोलू लागणार नाही. उलट शिकण्याचे मोलाचे महिने हातचे जातील.

गैरसमज : एवढीशी शीर, घरीच ब्लेडने कापता येते.
वस्तुस्थिती : पडद्यालगत लाळेच्या नळ्यांची तोंडं आहेत, जवळच रक्तवाहिन्या आहेत. घरी कापल्यास रक्तस्राव, जंतुसंसर्ग, धनुर्वातही होऊ शकतो.

गैरसमज : ऑपरेशन म्हणजे पूर्ण भूल आणि टाके.
वस्तुस्थिती : तान्ह्या बाळाचा पातळ पडदा डॉक्टर काही मिनिटांत कापतात. बाळाला लगेच पाजता येतं. नंतर तिथे दिसणारा पांढरट थर बहुधा पू नसतो, जखम भरत असते. मोठ्या मुलाला मात्र बऱ्याचदा भूल आणि टाके लागतात. उच्चार सुधारायला वाचा-उपचारही घ्यावे लागू शकतात. घरात कुणाला रक्त न थांबण्याचा आजार असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा.

२०१३ मध्ये पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलं तपासतात. श्रवणदोष आणि भाषाविकासातला विलंब हे त्या तपासणीत येतात. पथक गावात येईल त्या दिवशी मुलाला घेऊन जा, आणि जिभेबरोबर कानांबद्दलही विचारा.