तीन टक्क्यांचा विमा आणि बिल्टीचा कागद

उधना, लिंबायत, डिंडोली या सुरतेच्या मराठी वस्तीतून एखादे कुटुंब बदलीमुळे अथवा सेवानिवृत्तीनंतर नाशिक, धुळे वा जळगावकडे बिऱ्हाड हलवू लागले, की ‘मूव्हर्सवाल्याकडे इन्शुरन्सचे तीन टक्के भरले आहेत, आता फुटले-मोडले तरी भरपाई मिळेल’ हे वाक्य हटकून कानी पडते. चांगली शिकलेली माणसेही ते इतक्या निःशंकपणे उच्चारतात, की प्रत्येक वेळी तेच समजावून सांगताना मन उद्विग्न होते.

वस्तुस्थिती अशी, की १९३८ च्या विमा अधिनियमानुसार नोंदणी झालेल्या विमा कंपनीखेरीज कोणासही आपल्या देशात विम्याचा व्यवसाय करता येत नाही; सामान वाहून नेणारा वाहतूकदार ही विमा कंपनी नव्हे, आणि त्याने आपल्या बिलात ‘इन्शुरन्स’ असा शब्द लिहून सामानाच्या घोषित मूल्यावर शेकडा तीन आकारले, एवढ्याने विमा उतरत नाही. पुष्कळदा ती रक्कम म्हणजे या धंद्यात ज्याला ‘एफओव्ही’ म्हणतात ते जोखीम-शुल्क असते. विमा खरोखरच उतरवला असेल, तर विमा कंपनीचे नाव, पॉलिसीचा क्रमांक, विम्याची रक्कम आणि प्रवासाचा मार्ग नमूद केलेले प्रमाणपत्र तुमच्या नावे मिळालेच पाहिजे. ‘आमची ओपन पॉलिसी आहे’ हे तोंडी उत्तर पुरेसे मानू नये. गाडी भरण्यापूर्वी तो क्रमांक विमा कंपनीकडून पडताळून घ्यावा.

प्रमाणपत्र हाती आले तरी ते वाचावे लागते. रस्त्याने जाणाऱ्या मालाच्या विम्यासही आपल्याकडे ‘मरीन’च म्हणतात, आणि त्यात ‘ए’ व ‘बी’ अशी कलमे असतात. ‘बी’ कलमात आग, वीज, पूल कोसळणे, वाहनाची टक्कर वा ते उलटणे अशा संकटांचाच समावेश होतो. सापुताऱ्याच्या घाटात गाडी हिंदकळून काचेची भांडी फुटली, किंवा उतरवताना हमालाच्या हातून फ्रिज निसटला, तर त्या कलमाखाली एक रुपयाही मिळत नाही. ‘ए’ कलम पुष्कळच व्यापक आहे. तथापि अपुऱ्या बांधणीमुळे झालेले नुकसान त्यातूनही वगळलेले असते.

याहून अधिक खेद वाटतो तो निराळ्याच गोष्टीचा. ज्या शहरात रिंग रोडच्या कापड बाजारातला व्यापारी परगावी जाणारे साड्यांचे पार्सल बिल्टीवाचून, म्हणजे माल ताब्यात घेतल्याच्या पावतीवाचून, ट्रान्सपोर्टवाल्याच्या हवाली करीत नाही, त्याच शहरातील माणसे आपला उभा संसार कोटेशनच्या एका चिठ्ठीवर परक्याच्या स्वाधीन करतात, आणि कायद्याने दिलेले संरक्षण आपल्या हातानेच दुबळे करून घेतात. १८६५ चा जुना कायदा मोडीत काढून त्याच्या जागी आलेला २००७ चा रस्तामार्गे मालवाहतूक अधिनियम २०११ पासून अमलात आहे. त्यानुसार वाहतूकदाराने नोंदणी करणे, पाठवणाऱ्याने मालाचे विवरण व मूल्य लिहून फॉरवर्डिंग नोट देणे आणि वाहतूकदाराने बिल्टी देणे बंधनकारक आहे. माल गहाळ झाला वा मोडला, तर वाहतूकदाराची हयगय सिद्ध करण्याचा भार दावेदारावर नाही. भरपाईची मर्यादा सामान्यतः भाड्याच्या दसपट, परंतु घोषित मूल्याहून अधिक नाही. म्हणजे १५,००० रुपये भाडे असेल, तर कमाल १,५०,००० रुपये. हे सारे विम्याचा एक पैसाही न भरता मिळते. याहून अधिक जबाबदारी वाहतूकदारावर टाकायची असल्यास वाढीव जोखमीचा दर मान्य असल्याचे स्पष्ट लिहून द्यावे लागते. तेव्हा ते तीन टक्के द्यायचेच असतील, तर ते ‘इन्शुरन्स’ या मोघम शब्दाखाली न देता फॉरवर्डिंग नोटवर जोखीम-दर म्हणून नोंदवून द्यावेत. मात्र बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस दिली नाही, तर दाव्याचा मार्ग बंद होतो.

आता काही किरकोळ गैरसमज.

‘बिल्टीवर ओनर्स रिस्कचा शिक्का असला की वाहतूकदार मोकळा.’ मुळीच नाही; तेवढ्या शिक्क्याने वाहतूकदार आपल्या हयगयीच्या जबाबदारीतून सुटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली नाथ ब्रदर्स प्रकरणात म्हटले आहे.

‘हद्दीवर जकात आणि ई-वे बिलाची कटकट होते.’ गुजरातेतील महानगरपालिकांची जकात २००७ मध्येच संपली, आणि वापरलेल्या घरगुती सामानास ई-वे बिलाची सक्ती नाही.

‘भरलेले गॅस सिलिंडरही गाडीत जाते.’ ते नेऊ नये. जुन्या वितरकाकडे जमा करून हस्तांतराचा कागद घ्यावा.

‘दागिने व दस्तऐवज पेटीत कुलूप लावून दिले की पुरे.’ ते स्वतःजवळच ठेवावेत.

‘तक्रारीसाठी सुरतेस खेटे घालावे लागतात.’ २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमानुसार आपण जिथे राहतो तेथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते.

म्हणून वाचकांस आग्रहाची विनंती अशी, की सामानाची नगवार यादी करून तीवर दोन्ही पक्षांच्या सह्या घ्याव्यात, बिल्टी हाती पडल्याशिवाय गाडी दारातून हलू देऊ नये, आणि नव्या घरी सामान उतरल्यावर जे फुटले असेल त्याची नोंद पोचपावतीवर केल्याशिवाय तीवर सही करू नये.