शस्त्रक्रियेनंतरचा श्वास : वयोवृद्ध व स्थूल रुग्णांच्या कुटुंबीयांसाठी

“ऑपरेशन उत्तम झाले, पण तिसऱ्या दिवशी छातीत कफ भरला आणि आजींना अतिदक्षता विभागात हलवावे लागले.” असे उद्गार आपल्या धर्मग्रामांत अधूनमधून कानी पडतात. पित्ताशयातील खडे असोत, हर्निया असो किंवा खुब्याचे मोडलेले हाड असो. शल्यचिकित्सकाचे काम व्यवस्थित पार पडलेले असते, घरच्यांनी रात्रंदिवस सेवाही केलेली असते, तरी दुखणे श्वासाच्या वाटेने उलटते. रुग्ण साठी ओलांडलेला व अंगाने स्थूल असेल, तर हा धोका विशेष ध्यानात घ्यावा लागतो. तो कसा निर्माण होतो आणि कुटुंबाने त्यावर काय करावे, याचा विचार या लेखात केला आहे.

ट्रॉम्बे ही एके काळी भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर जगणारी वस्ती. १९५४ साली येथे अणुऊर्जा आस्थापना उभी राहिली. तीच आजचे भाभा अणुसंशोधन केंद्र. शेजारच्या माहूलमध्ये तेलशुद्धीकरण कारखाने आले. शेतात वा होडीवर राबणाऱ्यांची मुले नोकरदार झाली. ती पिढी आता सत्तरीच्या घरात आहे. गुडघे दुखतात म्हणून जिना उतरणे टळते, चालणे थांबते आणि वजन पोटाभोवती साचत जाते. त्यातच येथील हवेने अनेकांना जुनाट खोकला दिला आहे. जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या कचराभूमीला आग लागली, तेव्हाचा धूर आपल्यापैकी अनेकांना स्मरत असेल. अशा छातीवर शस्त्रक्रियेचा भार पडतो, तेव्हा पूर्वतयारीला महत्त्व येते.

श्वासाला अडथळा कसा होतो?

आपण श्वास सोडतो तेव्हा फुफ्फुसे पूर्ण रिकामी होत नाहीत. काही हवा शिल्लक राहते आणि तिच्यामुळे सूक्ष्म श्वासनलिका उघड्या राहतात. स्थूल व्यक्ती उताणी झोपली की पोटाचा भार श्वासपटलाला वर ढकलतो व ही शिल्लक घटते. वाढत्या वयात फुफ्फुसांची लवचिकताही कमी होते. साधारण पासष्टीनंतर तर नेहमीच्या श्वासोच्छ्वासातही काही सूक्ष्म नलिका मिटू लागतात. म्हणजे वय आणि वजन या दोन्ही गोष्टी एकाच जागी घाव घालतात.

त्यावर संपूर्ण भूल दिली की स्नायू सैल पडतात आणि फुफ्फुसांचा खालचा भाग दबून मिटतो. भूल दिलेल्या बहुतेक सर्वच रुग्णांत हे काही प्रमाणात घडते; निरोगी तरुणाचे फुफ्फुस ते लवकर भरून काढते. वृद्ध रुग्णाला मात्र टाके दुखतात म्हणून खोल श्वास घेववत नाही, खोकला दाबला जातो, कफ साचतो आणि त्यात जंतूंची वाढ होऊन न्यूमोनिया होतो. पोटाच्या वरच्या भागातील व छातीवरील शस्त्रक्रियांत ही भीती अधिक असते, कारण जखम श्वासपटलाच्या निकट असते. दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया किंवा केवळ कमरेखालच्या भागाची भूल शक्य आहे का, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे.

वजन हाच दोष काय?

आशियाई भारतीयांसाठी २००९ साली प्रसिद्ध झालेल्या वैद्यकीय मार्गदर्शनानुसार शरीर-वस्तुमान निर्देशांक २३ वर गेला की वजन अधिक आणि २५ वर गेला की स्थूलता मानली जाते. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की हा निर्देशांक मिळतो. १५० सेंटिमीटर उंची व ७० किलो वजन असलेल्या आजींचा निर्देशांक सुमारे ३१ येतो.

तथापि, या आकड्याने घाबरून जाऊ नये व कोणाला लज्जितही करू नये. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २००६ साली उपलब्ध संशोधन तपासून मार्गदर्शक सूचना दिल्या. साठीपुढील वय, फुफ्फुसांचा जुनाट विकार, हृदयाची दुर्बलता, परावलंबी जीवन आणि रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाची कमतरता यांमुळे श्वसनाचे धोके वाढतात, असे त्यांत म्हटले होते. केवळ स्थूलता हा स्वतंत्र धोका असल्याचे मात्र त्या परीक्षणात आढळले नव्हते. वजनाइतकेच, किंबहुना अधिक, लक्ष द्यायचे ते वजनासोबत दडून राहणाऱ्या विकारांकडे.

यांतील प्रमुख विकार म्हणजे झोपेत श्वास थांबणे. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकून दचकून उठणे, दिवसा डुलक्या येणे ही त्याची लक्षणे. घोरणे हा आपल्याकडे थट्टेचा विषय असल्याने रुग्ण ते सांगत नाही आणि घरचेही गप्प राहतात. परंतु भूल व तीव्र वेदनाशामक औषधे यांनी घसा अधिक सैल पडतो व श्वास मंदावतो. भूलतज्ज्ञाला हे आधी ठाऊक असेल, तर तो औषधांची निवड बदलतो आणि रात्री रुग्णावर अधिक लक्ष ठेवण्याची व्यवस्था करतो. श्वासासाठी रात्री मास्कचे यंत्र वापरणाऱ्यांनी ते रुग्णालयात सोबत न्यावे. जोडीदाराची साक्ष येथे मोलाची असते. घोरणाऱ्याला आपले घोरणे ऐकू येत नाही.

शस्त्रक्रियेपूर्वी

तातडीची शस्त्रक्रिया नसेल, तर मिळालेला काळ वाया घालवू नये. विडी-सिगारेट किमान चार आठवडे आधी बंद करावी. दम्याची औषधे नियमित घ्यावीत. डॉक्टरांची अनुमती असेल तर रोज थोडे चालावे. जेट्टीपर्यंत जमत नसेल तर गल्लीच्या टोकापर्यंत. दातांची व तोंडाची स्वच्छता राखावी, कारण तोंडातील जंतूच फुफ्फुसांत उतरतात.

वजन झटपट उतरवण्यासाठी उपाशी राहणे वृद्धांना घातक ठरते. त्यात चरबीबरोबर स्नायू व प्रथिनेही घटतात, आणि खोकण्यासाठी बळ तर हवेच. भात, तळलेले पदार्थ व गोड कमी करून मासे, अंडी, डाळी ठेवाव्यात. उपवासकाळात शस्त्रक्रिया आली तर मनाला लावून घेऊ नये. ख्रिस्तसभेच्या कायद्यानेच (कलम १२५२) ५९ वर्षे पूर्ण केलेल्यांना उपवासाच्या बंधनातून मुक्त ठेवले आहे.

एक प्रयोग येथे सांगण्याजोगा आहे. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये पोटाच्या वरच्या भागाची शस्त्रक्रिया व्हायची असलेल्या ४४१ रुग्णांचा अभ्यास झाला व तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील निम्म्या रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी केवळ अर्धा तास फिजिओथेरपिस्टने श्वासाचे व्यायाम शिकवले आणि शुद्धीवर येताच ते का करायचे हे समजावले. इतरांना फक्त माहितीपत्रक मिळाले. शिकवलेल्या गटात श्वसनाच्या गुंतागुंती निम्म्याने घटल्या. वेदना सुरू झाल्यावर शिकणे कठीण जाते. आधी शिकलेले हाताशी येते. असा अर्धा तास आपल्या रुग्णासाठी मिळावा, अशी विनंती करण्यात संकोच कसला?

शस्त्रक्रियेनंतर

बॉस्टनमधील एका रुग्णालयाने सहा साध्या गोष्टींचा नियम केला : श्वासाचे यंत्र ओढणे, खोकणे व दीर्घ श्वास घेणे, तोंड स्वच्छ ठेवणे, रुग्ण व कुटुंबाला माहिती देणे, दिवसातून किमान तीनदा अंथरुणाबाहेर येणे आणि उशाकडची बाजू उंच ठेवणे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार तेथे शस्त्रक्रियेनंतरच्या न्यूमोनियाचे प्रमाण २.६ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले.

आपल्याकडे तीन चेंडूंचे प्लास्टिकचे यंत्र देतात. ते पुष्कळदा खाटेशेजारी तसेच पडून राहते. त्यात फुंकायचे नसते, तर नळीतून सावकाश हवा आत ओढायची असते. एकट्या यंत्रावरही विसंबू नये. त्याला उठण्या-चालण्याची जोड हवी. खोकताना टाक्यांवर उशी घट्ट धरली की वेदना कमी होते. वेदना सोसणे हे पुण्य समजून गप्पही बसू नये, कारण दुखणारा माणूस श्वास आखडतो.

आपल्या प्रेमाची परीक्षा येथेच होते. “आजीला झोपू दे, किती दमली आहे” असे म्हणून आपण तिला उताणे निजवून ठेवतो. हेतू दयेचा असतो, पण फुफ्फुसांना तो विसावा महाग पडतो. डॉक्टरांनी परवानगी देताच तिला टेकवून बसवावे, खुर्चीत आणावे, चार पावले चालवावे. धाप, ताप, ओठ निळसर होणे किंवा अचानक बरळणे दिसल्यास त्वरित परिचारिकेला बोलवावे. वृद्धांमध्ये मनाचा गोंधळ हे न्यूमोनियाचे पहिले लक्षण असू शकते. “वयामुळे असे बोलते” म्हणून ते सोडून देऊ नये.

२०२५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पोप फ्रान्सिस न्यूमोनियामुळे रोमच्या जेमेल्ली रुग्णालयात होते. त्यांचा आजार शस्त्रक्रियेनंतरचा नव्हता. पण व्हॅटिकनच्या पत्रकांत श्वसनाच्या फिजिओथेरपीचा उल्लेख वारंवार येत होता. पोपमहोदयांना ८८ व्या वर्षी जे करावे लागले, ते आपल्या आईवडिलांना करायला लावण्यात निष्ठुरपणा नाही.

आध्यात्मिक तयारीचाही विसर पडू नये. रुग्णांचा तैलाभ्यंग केवळ मृत्युशय्येसाठी आहे, हा समज अजून गेलेला नाही. गंभीर शस्त्रक्रियेपूर्वी हा संस्कार घेणे उचित आहे, असे कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात (क्रमांक १५१५) स्पष्ट केले आहे. म्हणून रुग्णालयात दाखल होण्याआधीच धर्मगुरूंना कळवावे.

शुभवर्तमानात पेत्राची सासू तापाने अंथरुणाला खिळलेली आहे. प्रभू येशू तिच्याजवळ जातो, तिचा हात धरतो आणि तिला उठवतो. रुग्णाला भेटायला जाताना आपणही प्रार्थनेबरोबर तोच हात पुढे करावा. आजींना उठून बसायला तो उपयोगी पडेल.