देवापुढे वाकलेली, माणसांपुढे ताठ

बायबलमधल्या इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात येशूविषयी एक थक्क करणारी गोष्ट सांगितली आहे. तो देवाचा पुत्र होता, तरी आज्ञापालन तो सोसण्यातून शिकला. पुत्रालाही जे शिकावे लागले, ते बाकीच्यांना जन्मतः कसे येणार? गेथशेमाने बागेत हा प्याला टळू दे, अशी विनवणी त्याने आधी केली आणि मग पित्याची इच्छा स्वीकारली. ख्रिस्ती श्रद्धेतला विश्वास असा घामाने भिजलेला आहे.

या शिक्षणाचे धडे पाहायला मराठी माणसाला यरुशलेमपर्यंत जावे लागत नाही. केडगाव, राहुरी, सातारा, वसई ही त्याचीच गावे आहेत. तिथल्या माणसांची चरित्रे शेजारी ठेवून वाचली की एक गोष्ट स्वच्छ दिसते. ही माणसे देवापुढे जसजशी वाकली, तसतशी माणसांच्या दडपणापुढे ताठ उभी राहिली. आणि देवावर भार टाकल्यावर त्यांच्या खांद्यावरचा भार वाढतच गेला.

अनंतशास्त्रींचा निरोप

पंडिता रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरत आणि आई मुलीला संस्कृत शिकवत असे. 1874 च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा या कुटुंबाने व्रते केली, दाने दिली, उरलेसुरले विकले; शेवटी रानातला पाला खाण्याची वेळ आली. मृत्यू जवळ आला तेव्हा दृष्टी गेलेल्या वडिलांनी धाकट्या लेकीला जवळ घेतले. मी तुला देवाच्या हाती सोपवले आहे, जन्मभर त्याचीच सेवा कर, अशा आशयाचा निरोप त्यांनी दिला. पुढे काही महिन्यांत आई गेली. ताटी उचलायला माणसे पुरेनात. रमाबाईंनी स्वतः एक बाजू धरली, पण उंची कमी पडत होती. म्हणून त्यांनी ती डोक्यावर घेतली आणि स्मशानापर्यंत चालत गेल्या. मग थोरली बहीणही गेली.

रमाबाईंनी हे सारे पुढे ख्रिस्ती झाल्यावर लिहिले आणि त्यात वडिलांचा निरोप आदराने जपला. देवाच्या हाती असण्याचा पहिला धडा त्यांना एका वैदिक ब्राह्मणाच्या मृत्युशय्येपाशी मिळाला होता. तो निरोप पुसून टाकावा असे त्यांना कधी वाटले नाही. मला यात त्यांच्या श्रद्धेची मोठी खूण दिसते.

केडगावची शाळा

1880 साली भाऊ गेला. 1882 साली पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आत आईवडील, बहीण, भाऊ आणि नवरा गमावलेली ही स्त्री तान्ह्या लेकीला, मनोरमेला घेऊन पुण्यात आली. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे तिने बाप्तिस्मा घेतला. पण तिथल्या ख्रिस्ती आश्रमातल्या भगिनी सांगतील तसे मानायला ती तयार नव्हती. त्रैक्याच्या सिद्धान्तापासून क्रुसावर कोणत्या भाषेतली अक्षरे असावीत इथपर्यंत रमाबाईंनी पत्रांतून वाद घातला. आज्ञा देवाची मानायची, आपल्या गुरुजनांची मते ही त्याची आज्ञा नव्हे, हा फरक त्यांनी आयुष्यभर सोडला नाही.

1889 साली मुंबईत रमाबाईंची विधवांसाठीची शाळा, शारदा सदन, सुरू झाली आणि पुढे ती पुण्याला आली. मुलींवर ख्रिस्ती प्रभाव पडतो म्हणून 1893 मध्ये गदारोळ उठला, सल्लागार मंडळाने हात काढून घेतला, पालकांनी मुली नेल्या. अशा वेळी कोणीही आखडते घेतले असते. पण 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला आणि रमाबाई तिकडे निघाल्या. उपासमार त्यांना ऐकून ठाऊक नव्हती. रानातला पाला त्यांनी खाल्ला होता. त्यांनी शेकडो मुली आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून केडगावच्या माळावरच्या शेतात तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. तेच मुक्ती सदन. प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांची जी हेळसांड चालली होती तिच्याविरुद्ध त्यांनी 1897 मध्ये वृत्तपत्रात उघड पत्र लिहिले आणि राज्यकर्त्यांच्या रोषाची पर्वा केली नाही.

केडगावात प्रार्थना होती, तसा हातमाग होता, शेती होती, छापखाना होता. अंध मुलींना मनोरमाबाई ब्रेल शिकवत. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे सोपे मराठी भाषांतर करत होत्या आणि त्याचे खिळे आश्रमातल्याच मुली जुळवत. 1921 मध्ये मनोरमाबाईही गेल्या. एकुलत्या एक लेकीच्या मागे रमाबाई काही महिनेच जगल्या, पण भाषांतराचे काम त्यांनी टाकले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचा देह पडला, तेव्हा ते पुरे झाले होते. विश्वास म्हणजे काय असे कोणी विचारले, तर मी या शेवटच्या महिन्यांकडे बोट दाखवीन.

राहुरीचा उंबरठा

रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंसाठी तो संसारावर कोसळलेला डोंगर होता. काही वर्षे नवराबायको वेगळी राहिली. पुढे त्या टिळकांकडे आल्या तरी सोवळे सुटले नव्हते; त्यांची चूल आणि पाणी निराळेच होते. नवऱ्याने धर्म बदलला म्हणून त्यांनी बदलला नाही. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशी सोडवला, दुसऱ्याच्या हातचे पाणी प्यायल्या आणि मगच 1900 साली राहुरीत बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचे आत्मचरित्र वाचताना या बाईंचा निखळ खरेपणा मनाला भिडतो. त्या दुःख लपवत नाहीत आणि देवाला त्याचा जाब विचारायलाही कचरत नाहीत.

टिळकांची वाटही सोपी नव्हती. 1917 साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताचे सगळे शिष्य त्यात एकत्र यावेत, अशी त्यांची तळमळ होती. दोन वर्षांत ते गेले. त्यांचे अपुरे महाकाव्य ‘ख्रिस्तायन’ पुरे केले ते लिहायला वाचायला उशिरा शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी.

वसईची हिरवी वाट

अलीकडचे उदाहरण फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे. ‘सुवार्ता’ मासिकाचे हे संपादक हरित वसई संरक्षण समितीबरोबर जमीन, पाणी आणि गुंडगिरीच्या प्रश्नावर रस्त्यावर उतरले, तेव्हा जिवाला धोका होता. 2020 साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हाही धर्मगुरू म्हणून विरोध झाला. पाठीच्या दुखण्याने बेजार असतानाही ते व्यासपीठावर गेले आणि बोलले.

या नावांमागे नाव नसलेली हजारो माणसे आहेत. नगर जिल्ह्यातली गावकुसाबाहेरची जी कुटुंबे ख्रिस्ती झाली, त्यांना जातीचा जाच पूर्वीसारखाच राहिला. आणि राष्ट्रपतींच्या 1950 च्या आदेशानुसार ख्रिस्ती दलितांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळत नाहीत. तरी ही मंडळी रविवारी उपासनेला येतात. त्यांच्या विश्वासाची किंमत कोणत्याही चरित्रात नोंदलेली नाही.

सोसणे आणि सोसायला लावणे

इथे एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. संकट देवाने शिकवण्यासाठीच धाडले, असे दुःखी माणसाला सांगणे फार सोपे असते. बायबलमधल्या ईयोबाच्या ग्रंथात संकटात सापडलेल्या ईयोबाच्या मित्रांनी हेच केले आणि त्या ग्रंथाच्या शेवटी देवाचा राग त्यांच्यावरच झाला. मार खाणाऱ्या बाईला आज्ञापालनाचे वचन ऐकवणे हे ख्रिस्ताचे शिक्षण नव्हे. रमाबाईंनी दुष्काळाचे गोडवे गायले नाहीत. त्यांनी उपाशी मुलींना जेवू घातले.

म्हणूनच या सगळ्या चरित्रांचा मला उमगलेला अर्थ असा : दुःख स्वतः काही शिकवत नाही. पुष्कळांना ते कडवट करते, मोडून टाकते. दुःखात असताना समोर आलेले पुढचे काम करायला जो उठतो, त्याला त्या कामात देवाचा हात लागतो. मग आपण देवावर विश्वास ठेवतो की नाही याचे उत्तर शोधत बसावे लागत नाही. दारात उभ्या असलेल्या भुकेल्याला आपण आत घेतले की नाही, एवढे पाहिले म्हणजे पुरते.