पहिल्या नोकरीचे नियुक्तिपत्र : वाचन, हिशोब आणि विचारणा

कर्जत तालुक्यातील शिक्षकांना आणि सरपंचांना गेल्या काही वर्षांत एक नवा प्रश्न विचारला जाऊ लागला आहे. निकाल लागल्यानंतरच्या पावसाळी दिवसांत एखादा मुलगा हातात दोन कागद घेऊन दारात उभा राहतो आणि म्हणतो, "सर, दोन ठिकाणांहून बोलावणे आले आहे. कुठे जाऊ?" औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून किंवा दादा पाटील महाविद्यालयातून बाहेर पडलेला हा मुलगा बहुधा घरातील पहिलाच नोकरदार असतो. एक पत्र सुप्याच्या औद्योगिक वसाहतीतील असते, दुसरे रांजणगावचे किंवा भीमेपलीकडील कुरकुंभचे. त्याच्या वडिलांच्या पिढीपुढे नोकरी मिळेल की नाही हा प्रश्न होता. दोहोंतून एक निवडण्याची वेळ त्या पिढीवर क्वचितच आली. त्यामुळे सल्ला देणाऱ्यापाशीही या प्रश्नाचे तयार उत्तर नसते. "जिथे पगार जास्त तिथे जा" किंवा "जी हाती आली ती सोडू नकोस" यांपैकी एखादे वाक्य उच्चारून आपण मोकळे होतो. ही दोन्ही उत्तरे कागद न वाचताच दिलेली असतात.

मजुरीची बोलणी या भूमीला अपरिचित आहेत असे मुळीच नाही. सालगड्याचे साल पाडव्याला ठरत असे आणि त्यात रोख किती, धान्य किती, कपड्यांचे जोड किती, सणाची सुट्टी कोणती, हे सारे चारचौघांसमोर बोलले जाई. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या व पाझर तलावांची माती वाहणाऱ्या बायाबापड्यांना, आणि पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आल्यावर त्या कामांवर आलेल्या मजुरांना, आपण किती माती खणली आणि मोजमापाच्या वहीत किती लिहिली गेली, हे नेमके ठाऊक असे. माप कमी लागले तर मुकादमाला व कारकुनाला जाब विचारला जाई. ऊसतोडणीचा दरही बोलणीतूनच ठरत आला आहे. कामगार संघटना आणि साखर संघ यांच्यातील चर्चेनंतर जानेवारी २०२४ मध्ये त्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली. असे असता, अक्षरशत्रू आजीने जे मोकळेपणाने विचारले ते पदविका घेतलेला नातू विचारीत नाही, ही विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे.

तिची कारणेही आहेत. कागद इंग्रजीत असतो. नोकरी पुष्कळदा कोणाच्या तरी शब्दाने मिळालेली असते आणि पगाराविषयी बोललो तर त्या पाहुण्याला कमीपणा येईल असे घरच्यांना वाटते. शिवाय, विचारले तर मिळालेली संधीही जाईल, ही धास्ती असते. प्रस्तुत लेखकाने पहिली नोकरी धरली तेव्हा पगाराचा आकडा महिना संपल्यावर पाकिटातच पाहिला होता. तो विनय नव्हता, भिडस्तपणा होता, हे पुढे काही वर्षांनी ध्यानात आले.

पत्रातील आकडा आणि हातातील आकडा

पत्रावर ठळक अक्षरांत छापलेली रक्कम म्हणजे पगार नव्हे. खासगी उद्योगांत जिला 'सीटीसी' म्हणतात ती रक्कम म्हणजे त्या कामगारावर मालकाचा वर्षाला होणारा एकूण खर्च होय. तीत भविष्य निर्वाह निधीतील मालकाचा वाटा, राज्य विम्यातील मालकाचा वाटा, वार्षिक बोनस आणि उपदान, म्हणजेच ग्रॅच्युइटी, यांचीही बेरीज पुष्कळदा केलेली असते.

एक उदाहरण घेऊ. पहिल्या पत्रात महिन्याला सुमारे २१,५०० रुपयांचा आकडा आहे. फोड केली असता मूळ वेतन १२,००० आणि घरभाडे व प्रवासभत्ता मिळून ६,००० असे १८,००० रुपये निघतात. उरलेले ३,५०० रुपये म्हणजे मालकाचे वाटे, बोनस आणि उपदान. या १८,००० मधून निर्वाह निधीची १२ टक्के, म्हणजे १,४४० रुपये कपात होते. शिवाय राज्य विम्याची किरकोळ वर्गणी आणि व्यवसाय कराचे २०० रुपये जातात. हाती साधारणपणे १६,२०० रुपये पडतात. दुसरे पत्र एका कंत्राटदाराचे आहे. त्यात "हाती १९,००० रुपये" एवढेच लिहिले आहे. निधीचा उल्लेख नाही. तोंडी चौकशी केली तेव्हा पाळी बारा तासांची असल्याचे कळले.

घरातील मंडळी १९,००० कडे बोट दाखवितील. परंतु महिन्याचे २६ दिवस धरले तर पहिल्या ठिकाणी आठ तासांच्या पाळीने २०८ तास होतात आणि तासाला जवळजवळ ७८ रुपये पडतात. दुसऱ्या ठिकाणी ३१२ तास होतात आणि तासाला ६१ रुपयेसुद्धा पुरते पडत नाहीत. हिशोब एवढ्यावरच थांबत नाही. जादा तासांचा मोबदला नेहमीच्या दराच्या दुप्पट द्यावा असे कायदा सांगतो. म्हणजे आठ तास साधे आणि चार तास दुप्पट, असे दिवसाचे सोळा तासांचे मोल झाले. त्या मापाने १९,००० मधील आठ तासांच्या कामाचा वाटा अवघा ९,५०० रुपये उरतो. पहिल्या ठिकाणी दरमहा १,४४० रुपये त्याचे आणि तितकेच मालकाचे निर्वाह निधी व निवृत्तिवेतन योजनेत जमा होत राहतात, ते वेगळेच.

यानंतर राहण्याजेवणाचा विचार करावा. कर्जत, राशीन किंवा मिरजगावहून या वसाहतींपर्यंत रोज जाऊन-येऊन नोकरी करणे बहुतेकांना जमण्यासारखे नाही. खोलीचे भाडे आणि खाणावळ हा खर्च अटळ असतो. कंपनीची बस आहे काय, उपाहारगृहात जेवण किती रुपयांत मिळते, रात्रपाळीचा भत्ता वेगळा आहे काय, या तीन प्रश्नांच्या उत्तरांनी महिन्याला दोन-तीन हजारांचा फरक सहज पडतो.

पहिल्या पगाराचे महत्त्व त्या एका वर्षापुरते नसते. वार्षिक वाढ टक्केवारीने मिळते आणि पुढील मालकही "सध्या किती मिळतात?" हाच प्रश्न प्रथम विचारतो. आरंभी केवळ १,००० रुपयांचे अंतर असले आणि दोन्हीकडे वर्षाला ८ टक्के वाढ होत गेली, तर दहा वर्षांनी ते अंतर महिन्याला २,१५० रुपयांच्या वर जाते.

उचल आणि करारपत्र

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना उचल म्हणजे काय हे सांगावयास नको. हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली रक्कम कोयत्याला, म्हणजे नवराबायकोच्या जोडीला, बांधून टाकते. हंगामात ती फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर चढते. काही नियुक्तिपत्रांतील 'रुजू होण्याचा बोनस' आणि त्यासोबतचे सेवाबंधपत्र यांकडे याच अनुभवी नजरेने पाहावे. अमुक वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास तमुक रक्कम भरावी लागेल, अशी ती अट असते. "असल्या कागदाला न्यायालयात कोण विचारतो?" असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. विजया बँकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडणाऱ्याने दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरविली. ते प्रकरण सार्वजनिक बँकेतील अधिकारी पदाचे होते. प्रत्येक कारखान्याच्या बंधपत्राला ते जसेच्या तसे लागू होईल असे नव्हे. तथापि बंधपत्रावर सही करण्यापूर्वी मुदत, रक्कम आणि त्या बदल्यात मिळणारे प्रशिक्षण यांची विचारणा केलीच पाहिजे. मूळ गुणपत्रिका व दाखले मात्र पडताळणीपुरतेच दाखवावेत. ते कोणाच्या ताब्यात ठेवू नयेत.

प्रशिक्षण आणि नोकरी यांतील भेदही स्पष्ट करून घ्यावा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे. त्याला मिळते ते विद्यावेतन. राज्य शासनाने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतही बारावी उत्तीर्णास ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये असे विद्यावेतन ठरविण्यात आले होते. अशा रकमांवर घासाघीस होत नसते. तेथे विचारावयाचा प्रश्न निराळा आहे : मागील तुकडीपैकी किती जणांना कायम केले?

विचारावे केव्हा व कसे

याची एकच योग्य वेळ असते : निवड झाल्याचे कळल्यानंतर आणि होकार देण्यापूर्वी. मुलाखतीच्या पहिल्या पाच मिनिटांत पगाराची चर्चा करणे अवेळी ठरते. रुजू झाल्यावर करणे व्यर्थ ठरते. मधल्या चार-आठ दिवसांत उमेदवाराचे वजन सर्वांत अधिक असते, कारण निवडीचे श्रम झालेले असतात आणि कंपनीला पुन्हा तोच खटाटोप नको असतो. उत्तरासाठी काही दिवसांची मुदत मागणे हे उद्धटपणाचे लक्षण मानले जात नाही.

नवशिक्यांचे वेतन पुष्कळ ठिकाणी श्रेणीनुसार ठरलेले असते, हेही मुलांना सांगावे. मूळ वेतनात बदल शक्य नसेल तर राहण्याची सोय, बसचा मार्ग, पाळीचा भत्ता, कायम होण्याची मुदत किंवा रुजू होण्याची तारीख यांवर बोलता येते. हाती असलेल्या दुसऱ्या पत्राचा उल्लेख अवश्य करावा; नसलेल्या पत्राचा करू नये. कंपन्यांचे अधिकारी परस्परांच्या ओळखीचे असतात आणि ती थाप टिकत नाही. त्याहून घातक सवय म्हणजे दोन्हीकडे होकार कळवून एकीकडे न जाणे. त्या मुलाचे काही बिघडत नाही, परंतु पुढच्या वर्षी ती कंपनी त्या संस्थेत निवडीसाठी येत नाही. ग्रामीण संस्थांच्या प्राचार्यांनी ही गोष्ट विद्यार्थ्यांसमोर उघडपणे मांडावी.

जे ठरले ते लेखी घ्यावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या श्रमसंहितांनी कामगाराला नियुक्तिपत्र देणे मालकावर बंधनकारक केले आहे. त्याच संहितांमुळे ठरावीक मुदतीच्या करारावरील कामगारास एका वर्षाच्या सेवेनंतर उपदान मिळू शकते. इतरांना त्यासाठी सामान्यतः पाच वर्षे थांबावे लागते. कंत्राटी पत्र आणि मुदतीचे पत्र या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे वाचताना विसरू नये.

शासकीय सेवेत वेतन बोलणीने ठरत नाही, हे वाचकांना ठाऊकच आहे. पण निवडीचा प्रश्न तेथेही असतो. शिक्षणसेवकाचे मानधन १ जानेवारी २०२३ पासून प्राथमिकसाठी १६,०००, माध्यमिकसाठी १८,००० आणि उच्च माध्यमिकसाठी २०,००० रुपये करण्यात आले. तीन वर्षांनंतर नियमित वेतनश्रेणी मिळते. खासगी ठिकाणच्या २२,००० शी तुलना करताना चौथ्या वर्षाचा पगार मांडावा, पहिल्या महिन्याचा नव्हे. शासकीय सेवेतून दुसऱ्या शासकीय पदावर जाणाऱ्याने अर्ज योग्य मार्गाने, पूर्वपरवानगीने केला असेल तर वेतनसंरक्षण मिळू शकते. हा एक कागद न केल्यामुळे नुकसान सोसलेली माणसे प्रत्येक कार्यालयात भेटतात.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. दोन पत्रांपैकी जवळचे ते बरे, असा निर्णय घरात तिला न विचारताच होतो आणि पगार हा विषयच निघत नाही. लिंगभेदावरून वेतनात फरक करण्यास कायद्याने १९७६ पासूनच मनाई आहे. महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून दरमहा २५,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या स्त्रियांना व्यवसाय करही माफ आहे. सुरक्षित वसतिगृह आणि रात्रपाळीनंतर घरापर्यंतची वाहतूक यांची चौकशी तिच्या वतीने अन्य कोणी करण्यापेक्षा तिने स्वतः केलेली अधिक चांगली. कारण पुढे तेथे वावरायचे तिलाच आहे.

विचारणेचे पत्र लांबलचक असण्याची गरज नाही. शाळेत अर्जलेखन शिकविताना आजारपणाच्या रजेच्या अर्जाबरोबर असाही एक नमुना देता येईल :

"महोदय, आपले नियुक्तिपत्र मिळाले, आभारी आहे. आपल्याकडे काम करण्याची माझी इच्छा आहे. होकार कळविण्यापूर्वी पुढील गोष्टींचा खुलासा व्हावा, ही विनंती : दरमहा हाती येणारी रक्कम, पाळीचे तास, जादा कामाचा दर आणि कायम होण्याची मुदत. मला अन्य ठिकाणाहूनही पत्र आले असून तेथे राहण्याची सोय आहे. माझे गाव कर्जत तालुक्यात असल्याने मला कंपनीजवळ खोली घ्यावी लागेल. त्यासाठी दरमहा २,००० रुपयांची वाढ अथवा निवासाची सोय शक्य आहे काय, हे कळवावे. येत्या सोमवारपर्यंत मी माझा निर्णय निश्चितपणे कळवीन."