ग्रेपला कायमचे ऑप्शन लावायचे, पण कुठे?

आजचा भाग छोटा आहे, पण टर्मिनल उघडणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचा. विषय आहे ग्रेप. लिनक्स असो, मॅक असो की फोनवरचं टर्मक्स, हे टूल आयतंच मिळतं. फाइलमध्ये शब्द शोधायचा आणि तो असलेली ओळ दाखवायची, एवढंच त्याचं काम. केन थॉम्पसन यांनी १९७०च्या दशकात युनिक्ससाठी ते लिहिलं.

नुसतं ग्रेप कॅपिटल-स्मॉलबाबत काटेकोर असतं. म्हणून आपण ऑप्शन देतो. डॅश आय दिलं की कॅपिटल-स्मॉलचा भेद जातो. डॅश एन दिलं की ओळीचा नंबर दिसतो. डॅश डॅश कलर दिलं की सापडलेला शब्द रंगीत होतो.

आता हे दरवेळी कोण टाइप करणार? पूर्वी यावर एक सोपा उपाय होता. ग्रेप अंडरस्कोर ऑप्शन्स नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ऑप्शन लिहून ठेवायचे, की झालं. पण गोची इथेच होती. हे व्हेरिएबल एक्स्पोर्ट केलं, की त्या टर्मिनलमधून चालणाऱ्या प्रत्येक स्क्रिप्टला वारशात मिळतं.

समजा, एक स्क्रिप्ट ग्रेपने मोबाईल नंबर शोधून दुसऱ्या फाइलमध्ये टाकते. तुम्ही व्हेरिएबलमध्ये डॅश एन ठेवलंय. आता प्रत्येक मोबाईल नंबरच्या आधी ओळीचा नंबर आणि कोलन चिकटणार! एररचा मेसेज नाही, काही नाही. फाइल तयार होते, पण चुकीची. शिवाय तीच स्क्रिप्ट मित्राच्या मशीनवर नीट चालते, म्हणजे डोकं आणखी फिरतं.

म्हणूनच ग्नू ग्रेपने २०१४ साली २.२१ व्हर्जनपासून या व्हेरिएबलवर वॉर्निंग द्यायला सुरुवात केली, आणि २०२० साली ३.६ मध्ये त्याचा परिणामच बंद केला.

मग करायचं काय? एलियस. होम फोल्डरमधल्या डॉट बॅशआरसी फाइलमध्ये (मॅकवर डॉट झेडएसएचआरसी) एक ओळ टाका: एलियस, स्पेस, जीजी, बरोबरचं चिन्ह, मग सिंगल कोटमध्ये ग्रेप डॅश आय डॅश एन डॅश डॅश कलर बरोबर ऑटो. बरोबरच्या चिन्हाभोवती स्पेस सोडू नका. टर्मिनल बंद करून परत उघडा. आता जीजी म्हणजे तुमचं ग्रेप.

एलियस फक्त तुम्ही हाताने टाइप करता तिथे चालतो. स्क्रिप्ट वेगळी चालते, तिथे तो पोचत नाही. मी मुद्दाम जीजी हे वेगळं नाव घेतलंय, म्हणजे मूळ ग्रेपही जसंच्या तसं हाताशी राहतं.

आणि हो, कलरला ऑटोच द्या. ऑलवेज दिलंत, तर आउटपुट फाइलमध्ये गेलं तरी रंगाचे कोड सोबत जातात.

थोडक्यात, आपल्या सोयीचे ऑप्शन एलियसमध्ये, स्क्रिप्टला लागणारे ऑप्शन स्क्रिप्टमध्येच स्पष्ट लिहायचे. चला, भेटू पुढच्या भागात!