समुद्रात लोह टाकून कार्बन गाडता येतो का?

चाकण चौकात रोज ट्रकच्या रांगेत धूर खाणाऱ्यांना प्रश्न पडेल: यातला कार्बन डायऑक्साइड थेट समुद्राच्या तळाशी गाडता आला तर?

गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने २००९ मध्ये जर्मन शास्त्रज्ञांसोबत दक्षिण अटलांटिकमध्ये हे करून पाहिलं. प्रयोगाचं नाव 'लोहाफेक्स', त्यातला 'लोहा' आपल्याकडचाच.

पाण्यात लोह मिसळलं की सूक्ष्म वनस्पती वाढतात, कार्बन शोषतात आणि मेल्यावर खोल बुडतात, अशी कल्पना. ३०० चौरस किलोमीटरवर लोह टाकलं, वाढही झाली. पण डायटमना कवचासाठी लागणारी सिलिका तिथे कमी होती, त्यामुळे ते फारसे वाढले नाहीत. जे वाढलं त्यातलं बरंचसं कोपेपॉड नावाच्या चिमुकल्या जीवांनी फस्त केलं. खोलवर कार्बन जेमतेमच पोहोचला.

आणि भरपूर पोहोचला असता तर? खरी अडचण तिथेच आहे. खाली अंधार, म्हणजे नवा ऑक्सिजन तयार होत नाही. बुडालेलं कुजवताना जिवाणू आहे तोच ऑक्सिजन वापरतात. उपाय जितका यशस्वी, तितका तिथल्या जीवांचा श्वास कोंडणार. आपल्या अरबी समुद्रात तर साधारण १५० ते १००० मीटर खोलीवर ऑक्सिजन आधीच नावापुरता आहे.